आश्विनाचं एक पान

शके १९४७मधला आश्विन महिना २२ सप्टेंबर २०२५ला सुरू झाला आणि २१ ऑक्टोबरला संपला. तीस दिवस आणि तीस तिथ्या, वरवर पाहता हिशेब चोख. प्रत्यक्षात या पानावर एक तिथी दोनदा आली आहे आणि एक मुळीच आलेली नाही, म्हणून तो चोख दिसतो.

पंचांग किंवा कॅलेंडर घरोघरी असतं. ते उघडलं जातं ते एकादशी कधी, लग्नाचे मुहूर्त किती, संकष्टीला चंद्र किती वाजता, एवढ्यासाठी. बाकीचे बारीक आकडे गुरुजींच्या हवाली. मला हे पान आवडतं ते त्या बारीक आकड्यांमुळेच. त्यातले दोन रकाने शेजारी ठेवून सावकाश वाचावेत. एक, तिथी किती वाजता संपते तो. हा प्रत्येक पंचांगात असतो. दुसरा, चंद्र किती वाजता उगवतो आणि मावळतो तो. हा काही पंचांगांत रोजचा असतो, काहींत फक्त संकष्टीपुरता. खाली दिलेले उदयास्त मुंबईचे आणि ढोबळ आहेत. तिथ्यांच्या वेळांतही पंचांगापंचांगात मिनिटा-दोन मिनिटांचं इकडेतिकडे चालायचंच.

दोन्ही रकाने एकाच चंद्राचे, पण त्यांची कुळं वेगळी. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. ती साऱ्या देशात एकाच क्षणी संपते; गुहागरला एक आणि गोंदियाला दुसरी असं होत नाही. चंद्रोदय मात्र गावागणिक वेगळा. शिवाय सरासरी काढली तर तिथी २३ तास ३७ मिनिटांची, म्हणजे दिवसापेक्षा आखूड. एका चंद्रोदयापासून दुसरा चंद्रोदय सरासरी २४ तास ५० मिनिटांनी, म्हणजे दिवसापेक्षा लांब. तिथी रोज थोडी अलीकडे सरकायला बघते आणि चंद्रोदय रोज पलीकडे. आपले पुष्कळसे सण या दोघांच्या मधल्या जागेत येतात आणि शास्त्रार्थाचे बहुतेक वादही तिथेच होतात.

आता पान वाचू. पहिला रकाना वरून खाली.

द्वितीया २४ सप्टेंबरच्या पहाटे ४:५१ला संपली. तृतीया २५ला सकाळी ७:०६ला. चतुर्थी २६ला ९:३३ला, पंचमी २७ला दुपारी १२:०३ला, षष्ठी २८ला २:२७ला, सप्तमी २९ला ४:३१ला, अष्टमी ३०ला संध्याकाळी ६:०६ला. नवमी १ ऑक्टोबरला ७:०१ला आणि दशमी २ ऑक्टोबरला ७:१०ला. आकडे कसे चढत जातात ते पाहा: आधी सव्वादोन तासांची उडी, मग अडीच तासांची, मग हळूहळू कमी, आणि नवमी-दशमीच्या मध्ये फक्त नऊ मिनिटांची. दसऱ्याला रकाना माथ्यावर पोचतो. तिथून उतार लागतो. एकादशी ६:३२, द्वादशी ५:०९, त्रयोदशी ३:०३, चतुर्दशी ६ ऑक्टोबरला दुपारी १२:२३, पौर्णिमा ७ला सकाळी ९:१६. पुढे तर उतार इतका तीव्र की प्रतिपदा ८ला पहाटे ५:५३लाच आटोपते, द्वितीया ९ला रात्री २:२२ला, आणि तृतीया त्याच तारखेच्या रात्री १०:५४ला. घसरण वद्य नवमी-दशमीला थांबते: सकाळी १०:३३, १०:३५. दोन मिनिटांचा फरक. आणि पुन्हा चढ.

विलंबित, द्रुत आणि पुन्हा विलंबित, अशी ही लय आहे, आणि ती पंचांगकर्त्याने बसवलेली नाही. २६ सप्टेंबरला चंद्र पृथ्वीपासून सर्वांत लांब, सुमारे ४ लाख ५ हजार किलोमीटरवर होता. लांबचा चंद्र मंद चालतो, बारा अंश कापायला त्याला वेळ लागतो. म्हणून पंचमी साडेसव्वीस तासांची झाली. ८ ऑक्टोबरला तो सर्वांत जवळ, ३ लाख ६० हजारांच्या आत आला आणि वेगाने पळाला. त्या दिवशीची द्वितीया साडेवीस तासांतच संपली. चंद्राच्या कलांच्या भाषेत सांगायचं तर अमावास्येपासून शुक्ल पक्षातल्या अर्ध्या चंद्रापर्यंत यायला त्याने आठ दिवस चार तास घेतले आणि पौर्णिमेपासून वद्य पक्षातल्या अर्ध्या चंद्रापर्यंत जायला सहा दिवस साडेचौदा तास. दोन्ही वेळा अंतर तेच, पाव वर्तुळ.

दोनदा आलेली तिथी ती तृतीया. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची. २४ला साडेसहाच्या सुमारास सूर्य उगवला तेव्हा तृतीया होती आणि २५ला उगवला तेव्हाही ती पाऊण तासाच्या आत संपायची होती, पण होती. त्यामुळे दोन्ही दिवस तिच्या नावे लागले. नऊ रात्रींच्या नवरात्राला दहा दिवस लागले आणि दसरा घटस्थापनेपासून अकराव्या दिवशी आला. रोजच्या रंगाची साडी ठरवून ठेवणाऱ्यांना या जादा दिवसाचं काय करायचं, हा प्रश्न नक्कीच पडला असणार.

हे पान शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात छापलं गेलं असतं तर त्यावर भांडण झालं असतं. जुन्या करणग्रंथांवरून पंचांग करणाऱ्यांचा दंडक ‘बाणवृद्धी रसक्षय’ असा होता: तिथी साठ घटिकांपेक्षा पाचच घटिका वाढेल आणि सहाच घटिका घटेल. म्हणजे जास्तीत जास्त २६ तास, कमीत कमी २१ तास ३६ मिनिटं. आपल्या पानावरची साडेसव्वीस तासांची पंचमी आणि साडेवीस तासांची द्वितीया, दोघीही या मर्यादेबाहेर. सूर्यसिद्धान्ताच्या गणितात चंद्राच्या चालीतला मुख्य चढउतार धरलेला होता. सूर्याच्या ओढीमुळे पडणारे इतर फेर नव्हते. ते धरले की मर्यादा ‘सप्तवृद्धी दशक्षय’ अशी होते. केरूनाना छत्र्यांनी १८६५पासून आकाशाशी जुळणारं पंचांग काढायला सुरुवात केली. पटवर्धनांच्या आश्रयामुळे ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखलं गेलं. पुढे केरूनानांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक आणि ज्योतिर्गणितकार व्यंकटेश बापूजी केतकर यांनी हा धागा पुढे नेला. विरोधकांचं म्हणणं साधं होतं आणि त्यांच्या बाजूने प्रामाणिकही होतं: श्राद्ध आणि एकादशी ज्या तिथीवर बेतल्या आहेत ती तिथी शास्त्रात सांगितलेली हवी, दुर्बिणीतली नव्हे. आज आपण हे आकाशाशी जुळणारं दृक्‌पंचांग इतकं गृहीत धरतो की या आकड्यांमागे कधी इतकी चुरस होती हे ध्यानातही येत नाही.

आता दुसरा रकाना. हा मुकाट चालणारा रकाना आहे आणि मला जास्त आवडतो.

सुरुवातीला त्यात चंद्रोदय सकाळचे आहेत. २३ सप्टेंबरला, द्वितीयेच्या संध्याकाळी, सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळला आणि कोर त्यानंतर तासाभराच्या आत गेली. भाद्रपद-आश्विनातली द्वितीयेची कोर अशीच घाईची असते. फाल्गुन-चैत्रात ती सूर्याच्या जवळजवळ डोक्यावर उभी असते, शिंगं आभाळाकडे करून होडीसारखी. आश्विनात ती मावळतीच्या सूर्यापासून डावीकडे, दक्षिणेला सरकलेली असते आणि क्षितिजाला बिलगून जाते. त्यातून पावसाळ्याचे उरलेले ढग पश्चिमेला असले की चंद्रदर्शन पंचांगातच राहतं.

मग चंद्रोदय रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकतो. चंद्र सकाळी, दुपारी, उन्हात उगवतो. ते कोणी पाहत नाही. अष्टमीच्या दुपारी पूर्व-आग्नेयेला फिकट अर्धा चंद्र वर येतो तेव्हा लोक जेवून वामकुक्षी घेत असतात किंवा कचेरीत असतात. रकाना मात्र ती वेळही तितक्याच इमानाने नोंदवतो.

६ ऑक्टोबरला कोजागरी. मुंबईत चंद्र पाच पन्नासच्या सुमारास उगवला, सूर्यास्त सहा बावीसला. म्हणजे अर्धा तास दोघेही आकाशात समोरासमोर. दूध आटवायला ठेवायच्या आधीच चंद्र वर आलेला होता, पांढुरका आणि बिनतेजाचा. पौर्णिमा त्या दुपारी १२:२३ला लागली होती आणि दुसऱ्या सकाळी ९:१६ला संपणार होती. मध्यरात्र तिच्या पोटात पूर्ण आली, म्हणून कोजागरी सहालाच. दुसऱ्या दिवशी सातला, सूर्यास्तानंतर दहाएक मिनिटांनी, साडेसहाच्या सुमारास चंद्र उगवला. पृथ्वीच्या अगदी जवळ आलेला आणि अंधार पडतापडता वर येणारा. नुसतं डोळ्यांनी पाहायचं तर या महिन्यातला सर्वांत देखणा चंद्रोदय हाच, आणि त्याला सणाचं नाव नाही.

त्या रात्रीची तिथी कोणती? आश्विन वद्य प्रतिपदा. ती ७ला सकाळी ९:१६ला लागली, तेव्हा सूर्य उगवून पावणेतीन तास होऊन गेले होते. ती ८ला पहाटे ५:५३ला संपली, तेव्हा सूर्य उगवायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ होता. एकाही सूर्योदयाला ती हजर नव्हती, म्हणून ती क्षयतिथी. पानावर ७ तारखेनंतर थेट ८ला द्वितीया. एक अख्खी रात्र तिच्याकडे होती, तो जवळचा टपोरा चंद्र तिचाच होता, आणि दिवसांच्या यादीत ती नाही.

तीन दिवसांनी नेमकं उलटं घडलं, आणि या पानातली माझी सगळ्यात आवडती जागा तीच आहे. आश्विन वद्य चतुर्थी ९ ऑक्टोबरला रात्री १०:५४ला लागली आणि १०ला संध्याकाळी ७:३८ला संपली. १०चा सूर्योदय तिला मिळाला, म्हणून दिवस तिच्या नावावर. पण चंद्रोदय? ९ला चंद्र आठच्या सुमारास उगवला, तेव्हा तृतीया चालू होती. १०ला तो मुंबईत ८:५५च्या सुमारास उगवला, तेव्हा पंचमी लागून सव्वा तास उलटला होता. चतुर्थीचा चंद्र आकाशात नव्हता असं नाही. ९च्या रात्री अकरापासून सकाळपर्यंत तोच होता. पण उगवता चंद्र काही या चतुर्थीच्या वाट्याला आला नाही.

संकष्टी तर सगळी चंद्रोदयावर. जी चतुर्थी चंद्रोदयाला असेल ती धरायची, हा नियम. दोन्ही दिवशी ती चंद्रोदयाला नसेल तर काय करायचं, याचाही विचार शास्त्रकारांनी करून ठेवला आहे: दुसरा दिवस धरावा. त्याप्रमाणे संकष्टी १०ला झाली. त्या रात्री लाखो घरांत दुर्वा वाहिल्या गेल्या, मोदकांचा नैवेद्य दाखवला गेला, चंद्राला अर्घ्य दिलं गेलं आणि उपास सुटला तो पंचमीच्या चंद्राकडे पाहून. यात काही चुकलं असं मी मुळीच म्हणत नाही. दोन घड्याळं महिन्यातून एखाद्या वेळी एकमेकांना चुकणार, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनी नियमातच त्याची सोय केली, ही मला या परंपरेतली सर्वांत सुज्ञ जागा वाटते. उत्तरेत हीच रात्र करवा चौथची, आणि तिथल्या पौर्णिमान्त गणनेत हा वद्य पक्ष कार्तिकात मोडतो. म्हणजे एकाच रात्रीला दोन महिने. दिल्लीत चंद्र सव्वाआठच्या सुमारासच आला. दिल्ली मुंबईच्या पूर्वेला आहे ती रेखांशाने जेमतेम सतरा-अठरा मिनिटांची. उरलेला फरक अक्षांशाचा. चंद्र तेव्हा फार उत्तरेला होता, आणि उत्तरेच्या चंद्राला उत्तरेची गावं आधी पाहतात. नागपूरकरांनाही मुंबईच्या अर्धा तास आधी जेवायला मिळालं. कॅलेंडरमध्ये संकष्टीच्या चंद्रोदयाचं गावोगावचं कोष्टक असतं ते यासाठी, आणि नागपूरच्या सुनेने पुण्याच्या सासूबाईंना फोन करून ‘तुमच्याकडे झाला का?’ विचारण्यात थट्टा असली तरी तथ्यही असतं.

कोष्टकातली वेळ क्षितिजावरची असते, हेही लक्षात ठेवलेलं बरं. समोर चौदा मजली इमारत असेल तर छापील चंद्रोदयाला चंद्र दिसत नाही. तो गच्चीच्या कठड्यावर यायला आणखी चांगला अर्धा-पाऊण तास. बहुतेक घरांत मग आकाशापेक्षा कॅलेंडरचं ऐकतात. पोटात कावळे ओरडत असताना ते रास्तच आहे.

या दिवसांत आणखी एक गंमत आहे. चंद्र सगळ्यात वेगात पळत होता, म्हणजे चंद्रोदयही सगळ्यात जास्त उशिरा उशिरा व्हायला हवे होते. तसं झालं नाही. कोजागरी ते दुसरा दिवस हा फरक चाळीस मिनिटांच्या आसपासच होता. आश्विनातल्या पौर्णिमेच्या सुमारास चंद्राचा मार्ग पूर्वेच्या क्षितिजाशी तिरपा पडलेला असतो. चंद्र रोज पुढे जातो तसा रोज उत्तरेकडेही सरकतो, आणि उत्तरेकडे सरकणं त्याला आपल्याकडे लवकर उगवायला मदत करतं. वेगाने वाढवलेला उशीर तिरपेपणाने कापला. म्हणूनच भाद्रपद-आश्विनातल्या संकष्टीला आपण नऊच्या आत जेवतो आणि वैशाख-ज्येष्ठात दहाच्या पुढे. सूर्यास्ताच्या वेळेचाही त्यात वाटा आहे, पण सगळा नाही. पुढे ११-१२ ऑक्टोबरला हा तिरपेपणा संपला आणि रोजचा उशीर तासाच्या घरात गेला. १२ला चंद्र इतका उत्तरेला होता की मुंबईत तो माथ्यावर आला तो डोक्याच्या उत्तरेकडून गेला. साडेअठरा वर्षांच्या एका फेऱ्यात काही वर्षं तो असा टोकाला जातो. २०२५ हे त्यांपैकी एक.

मग येते कोरी जागा. चंद्रोदय रोज पुढे सरकत सरकत मध्यरात्रीला भिडतो आणि एका रात्री ती ओलांडतो. नागपूरला १३ ऑक्टोबरला चंद्र बारा वाजायच्या आत, रात्री साडेअकरानंतर उगवला. त्यानंतरचा उदय १५ तारीख लागल्यावर. १४ ऑक्टोबरला नागपुरात चंद्र उगवलाच नाही, आणि त्या रकान्यात त्या तारखेपुढे रिकामी जागा आहे. मुंबईत १३चा उदय मध्यरात्रीच्या इतक्या काठावर आला की एक-दोन मिनिटांच्या फरकावर कोणती तारीख कोरी राहायची ते ठरलं. मावळतीच्या रकान्यात अशीच एक कोरी जागा शुक्ल अष्टमीच्या आसपास असते. नवखा वाचक याला मुद्रणदोष समजतो.

यानंतरचे चंद्रोदय झोपलेल्या गावावरचे. दीड, अडीच, साडेतीन. वद्य चतुर्दशीला मात्र पंचांग पुन्हा चंद्रोदय ठळक छापतं, कारण नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान चंद्रोदयानंतर आणि सूर्योदयापूर्वी. २० ऑक्टोबरला मुंबईत चंद्र पाच पंचवीसच्या सुमारास उगवला, सूर्य साडेसहाच्या जरा पुढे. आंघोळीला एक तास. सुमारे दोन टक्क्यांची कोर पूर्वेला, तिच्यामागे उजळत येणारं आभाळ, आणि खाली न्हाणीघरात उटणं, मोती साबण, कारीट फोडणं, कंदिलाचा उजेड आणि लवंगी माळा. ही कोर मी म्हणतो म्हणून एकदा तरी पाहावी. फटाक्यांच्या धुरात तिचं काम कठीण आहे, पण गच्चीवरून दिसते. संकष्ट्या सोडून आपण वर्षातून दोनच चंद्रोदयांसाठी मुद्दाम वेळ काढतो असं धरलं तर एक कोजागरीचा आणि दुसरा हा. पहिल्याला बासुंदी असते म्हणून गर्दी, दुसऱ्याला पाटावर बसलेलो असतो म्हणून पाठ.

शेवटची ओळ अमावास्येची. २० ऑक्टोबरला दुपारी ३:४४ला लागली, २१ला संध्याकाळी ५:५४ला संपली. लक्ष्मीपूजन प्रदोषकाळी करायचं, म्हणजे सूर्यास्तानंतर. २०ला सूर्यास्ताला अमावास्या होती, म्हणून देशात पुष्कळ ठिकाणी पूजन त्या संध्याकाळी झालं. महाराष्ट्रातल्या पंचांगांनी मात्र २१ तारीख दिली. मुंबईत २१ला सूर्यास्त ६:१२ला, म्हणजे अमावास्या आधीच अठरा मिनिटं संपलेली. नागपूरला सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास, म्हणजे तिथे ती सूर्यास्तानंतरही दहाएक मिनिटं टिकून होती. व्यापारी पेढ्यांत दोन्ही तारखांचं समर्थन करणारे लोक होते आणि दोघांकडेही पंचांग होतं. चंद्रोदयाच्या रकान्यात २१ तारखेपुढेही वेळ छापलेली आहे, सकाळची, सूर्योदयाच्या आधीची. त्या दिवशी चंद्र उगवला, आकाश ओलांडून गेला आणि मावळला. तो कोणालाही दिसण्याजोगा नव्हता.